आंदणातली जागा

गुलाम हा शब्द आमच्या गावात कोणी वापरत नव्हतं. बाईसाठी बटीक असा शब्द होता, आणि गाय, वखर, नांगर म्हणावं तितक्या सहज तो लोकांच्या तोंडी यायचा. माझी माय पाटलांच्या घरची बटीक होती. पाटलीणबाई लग्न होऊन अचलपुराहून आल्या तेव्हा त्यांच्या माहेरानं आंदण म्हणून घागरी, पराती, एक दुभती गाय आणि माझी माय दिली होती. गाय लवकर मेली. पराती मला कळायला लागलं तेव्हाही वापरात होत्या.

माझा जन्म त्याच घरातला, गोठ्याला लागून असलेल्या खोलीतला. बाप कोण, ते गावाला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. मालकापासून बटकीला झालेल्या पोरीला आमच्याकडे लेकावळी म्हणतात. पाटलांनी मला कधी मारलं नाही आणि कधी जवळही घेतलं नाही. त्यांच्या लग्नाच्या बायकोची लेक माझ्याहून जराशी मोठी होती. तिला मी ताई म्हणत असे, कारण घरातले सगळे गडीमाणूस तिला ताईच म्हणायचे.

हे ऐकलं की लोक लगेच डोळ्यांना पदर लावतात. मला त्याचा संताप येतो. रडण्यासारखं रोजच्या रोज काही होत नव्हतं. शेण काढायचं, पाणी भरायचं, दळायचं, उरलेली भाकर खायची. पोटभर मिळायची, खोटं कशाला बोलू? फक्त कोणाच्या घरी जायचं आणि कोणाच्या घरी राहायचं, हे आम्ही ठरवत नव्हतो. बाकी सगळं इतर गरिबांसारखंच होतं.

मी वयात आले त्या सुमाराला कापसाचा भाव असा चढला, की आज सांगितलं तर नातवंडं म्हणतात, बुढी फेकून राहिली. ज्वारीची वावरं मोडून लोकांनी कापसाची पऱ्हाटी लावली. पाटलांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, आणि ते पाहून शेजाऱ्यानंही बसवल्या. एरवी पाटलांना अकोल्याला जाऊन अडत्याच्या ओट्यावर ताटकळावं लागे. आता अडते स्वतः गाड्या घेऊन आमच्या दारात ठाण मांडून बसू लागले. त्यातच बडनेऱ्याकडे आगगाडीच्या रस्त्याचं मातीकाम निघालं होतं. तिथं मजुरी रोख मिळे, त्यामुळे वेचणीला माणूस मिळेनासं झालं.

असाच एक अकोल्याचा अडत्या ओसरीवर बसून पाटलांना जगाच्या गोष्टी सांगत होता. माय त्याला पाणी द्यायला उभी होती, मी दाराआड होते.

"तिकडं अमेरिका म्हनून मुलूख हाय, पाटील," तो म्हणाला. "तिथं सारा कापूस गुलामायच्या हातानं पिकते. आता त्या गुलामायवरूनच भावाभावात लढाई जुंपली. एक म्हनते सोडून द्या, दुसरा म्हनते माह्या बापानं घेतले हायेत. माल तिथंच अडकला. म्हनून तं इलायतवाले आपल्या पाया पडून राह्यले."

"लढू दे बाप्पा!" पाटील मांडीवर थाप मारून हसले. "असेच लढत राहू दे."

"पन तुमीबी जपून राहा. आता इंग्रजाचा अंमल हाय. बटीक ठेवनं गुन्हा झाला म्हनतेत. कोनी अमरावतीच्या सायबापुढं जाऊन बोंबललं, तं लचांड होईन."

पाटलांनी मायच्या हातातला तांब्या घेतला, घोटभर पाणी प्यायले आणि तोंड पुसून म्हणाले, "माह्याकडं कुठं बटीक हाय? घरचं मानूस हाय ते."

झालं. त्या दिवसापासून पाटलीणबाईंनी घरात तो शब्द बंद केला. चुकून एका गड्याच्या तोंडून निघाला तर त्याला असं झाडलं, की बिचारा दिवसभर खाली मान घालून फिरत होता. आम्ही आता घरच्या बाया झालो. "शब्द तेवढा बाहेर फेकला," माय म्हणाली, "शेन माह्यासाठी ठेवलं."

दुसऱ्या दिवशी गोवऱ्या थापताना तिनं मला विचारलं, "काव, ते गुलाम कोनी सोडून राह्यलं म्हने?"

"मले काय माईत? तिथला राजा असन."

"त्यायच्या मालकायले इचारलं असन काय?"

"इचारलं असतं तं लढाई कायले झाली असती?"

ती हं म्हणाली आणि पुढची गोवरी थापली. एवढंच. पण माझी माय उगाच काही विचारत नसे, ते मला कळायला हवं होतं.

दसऱ्याच्या आसपास ताईचं लग्न अचलपुरात ठरलं. घर मोठं, मान मोठा, आणि कापसाचा पैसा हातात खुळखुळत असल्यानं पाटलीणबाईंना आंदण असं द्यायचं होतं की अचलपूरकरांनी तोंडात बोट घालावं. एके दिवशी त्यांनी मायला बोलावून सांगितलं, "तुही पोट्टी जाईन ताईसंगं. पाठराखीन म्हनून. चार दिवस राहीन अन् येईन." पाठराखीण कोणाही नवरीबरोबर जाते. बहीण जाते, मावशी जाते, नवरी रुळली की परत येते. त्यात कोणाला वावगं काय दिसणार?

माय "हाव बाई" म्हणाली आणि गोठ्यात आली. मी वासराला पाणी दाखवत होते. ती म्हणाली, "मीबी चार दिवसासाठीच आली होती."

मग तिनं मला ते नीट, तोडून तोडून सांगितलं. मी एकदा अचलपुरात त्या घराच्या उंबऱ्याच्या आत गेले, की मी तिथली. तिथं मला पोर झालं तर ते तिथलं. ताईला लेक झाली, तिचं लग्न झालं, की माझी लेक तिच्याबरोबर. साहेबाचा कायदा असो नाहीतर नसो. मी भडकले. म्हटलं, "चाल अमरावतीले. सायबापुढं उभं राहू."

"सायब इचारन कुलूप कुठं हाय, बेडी कुठं हाय. काय दाखवशीन त्याले? अन् संध्याकाळी कोनाच्या घरी येशीन?"

खरं सांगायचं तर तेव्हा मला तिचाच राग आला. एवढं सगळं कळतं आणि तरी "हाव बाई" म्हणून येते, असं वाटलं. त्यानंतर बरेच दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. माझा जीव टांगणीला लागला होता आणि ती आपली भाकऱ्या थापत होती.

वेचणी सुरू झाली. पहिल्या दिवशी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, दहीभात ठेवून सीतादहीची पूजा केली आणि बाया पऱ्हाटीत शिरल्या. आमच्या गावची वेचणीची रीत इथं सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. वेचणाऱ्या बाईला मजुरी पैशात नसे, कापसात असे. दिवस मावळायच्या आत प्रत्येक बाई आपण वेचलेल्या कापसाचे एकसारखे ढीग घालायची. मग मालक यायचा आणि आपल्या हातानं एक सोडून बाकीचे ढीग उचलायचा. जो मागं राहील तो बाईचा. ढीग बाईनं घालायचे आणि निवड मालकानं करायची, म्हणून कोणी कोणाला फसवू शकत नसे. आणि जिच्यापुढे मालकानं असा ढीग सोडला ती रोजदारीण. उद्या ती कोणाच्याही वावरात जावो, तिला अडवायला कोणी जायचं नाही. ही रीत पाटलाच्या बापालाही मोडता आली नव्हती.

माय आणि मीही वेचत होतो, पण आम्ही ढीग घालत नव्हतो. आमची ओटी भरली की थेट पाटलांच्या ढिगावर रिकामी व्हायची. आम्ही घरच्या ना!

गावाबाहेरच्या मळ्यातली एक माळीण त्या वर्षी वेचणाऱ्यांची पुढारीण होती. वांगी-भेंडी विकून विकून तिची जीभ चांगली धारदार झाली होती. ती आमच्यावर जळायची. म्हणायची, या दोघी फुकट वेचतात, म्हणून पाटील ढीग वाढवायला लावून आमच्या वाट्याला कात्री लावतो. तिला आमची दया वगैरे काही नव्हती, उगाच तिला मोठी करायची नाही. पण तिचं म्हणणं खरं होतं, आणि मायनं नेमकं तेच धरलं. पाणवठ्यावर दोघी बराच वेळ काहीतरी बोलल्या. माळीण आधी हात नाचवत होती, मग कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली, आणि शेवटी हसली.

त्यानंतरच्या एका दिवशी आभाळ भरून आलं. वावर पांढरं फेक फुटलेलं, अडत्याच्या गाड्या धुऱ्याला उभ्या, अडत्या घाई करतोय. पावसाचे चार थेंब पडले असते तर भाव निम्म्यावर आला असता. पाटील सकाळपासून वावरातच होते, एकदा आभाळाकडे बघायचे आणि एकदा बायांकडे. दुपारी पऱ्हाटीच्या ओळीत माझ्याशेजारी वेचता वेचता माय मान वर न करता म्हणाली, "आज ओटी त्याच्या ढिगावर नको टाकू. धुऱ्यावर बायकायच्या रांगीत बस. ढीग घाल."

माझ्या हातातला कापूस तसाच राहिला.

"अन् सारखे नको घालू. एक लहान घाल. चांगला लहान. बाकीचे मोठे दिसले पायजेत. मोठा ढीग दिसला का त्याचा हात जातेच. मी वीस वर्सं पाहून राह्यली त्याले."

दिवस कलला. मी रांगेत जाऊन बसले आणि ढीग घातले. तीन मोठे, आणि शेवटी एक लहान. पाटील एकेकीपुढे थांबत, ढीग उचलत, गडी ते गाडीकडे नेत. माझ्यापुढे आले आणि थांबले.

"हे काय व? तू कावून बसली इथं?"

मी काही बोलायच्या आत माळीण बोलली, "बसली तं बसली. ती येचते तं तिचाबी वाटा काढा. न्हाईतं उद्यापासून साऱ्या वावराले तिलेच न्या. आमाले बडनेऱ्याच्या कामावर माती टाकाले बलावून राह्यले." आणि ती कमरेला खोचलेला पदर सोडून उभी राहिली. तिच्यामागे एकेक करत बाकीच्याही उठल्या.

पाटलांनी आभाळाकडे पाहिलं. अडत्यानं त्यांच्याकडे पाहिलं. मग पाटील हसले. मला वाटतं त्यांना ते सगळं पोरकट वाटलं. एवढ्या कापसाच्या गाड्या भरून चाललेल्या, त्यात एका पोरीपुढचे मूठभर ढीग ते काय! "हौस आली वाट्टे पोरीले," ते म्हणाले आणि वाकले. त्यांनी माझे ढीग नजरेनं जोखले. रोजची सवय ती. मोठा उचलला, दुसरा मोठा उचलला, तिसऱ्यावर हात ठेवून एकदा लहान ढिगाकडे पाहिलं, आणि तिसराही उचलला. लहान माझ्यापुढे राहिला. सगळ्या बायांनी पाहिलं, अडत्यानं पाहिलं, गड्यांनी पाहिलं.

"उचल ना व, येडे!" माळीण माझ्यावर ओरडली. मी तो पदरात भरला. जन्मात पहिल्यांदा माझ्या मालकीचं काही होतं, आणि ते इतकं हलकं होतं की पदरात काही आहे असं वाटेचना.

मायनं मला त्या दिवशी घरी येऊ दिलं नाही. मी माळणीच्या मळ्यातल्या खोपटात निजले आणि सकाळी गावातल्या दुसऱ्या एकाच्या वावरात वेचायला उभी राहिले. तिथंही ढीग घातले, तिथंही वाटा मिळाला. चार-आठ दिवसांत ही गोष्ट अडत्याच्या तोंडून अकोल्याला पोचली आणि सोयऱ्याधायऱ्यांकडून अचलपुराला. पाटलीणबाईंनी तेव्हा कुठं कपाळाला हात लावला. गावभर दुसऱ्यांच्या वावरात वाटा घेत फिरणारी पोरगी घरची म्हणून आंदणात देता येत नव्हती. अचलपूरकर म्हणाले असते, आम्हाला मजूरबाई दिली काय?

"तुमी ढीग उचललाच कावून?" त्या पाटलांवर अशा ओरडल्या की गल्लीतल्या लोकांनी कान टवकारले. पाटील म्हणाले, "पानी येऊन राह्यलं होतं ना!" त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की त्यांनी फक्त कापूस उचलला.

मी मळ्यात नाचत होते. अक्षरशः नाचले, माळणीच्या कोबीचे दोन गड्डे तुडवले आणि तिच्या शिव्या खाल्ल्या. आंदणातली माझी जागा रिकामी झाली, एवढंच मला दिसत होतं. जागा रिकामी झाली तर ती कोणीतरी भरणार, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. ते मायच्या टाळक्यात पहिल्यापासून होतं.

लग्न झालं. वरात निघायच्या आदल्या दिवशी माय मळ्यात आली. म्हणाली, "ताईसंगं मी जाऊन राह्यली." मग मी तिला नाही नाही ते बोलले. ती थांबली, मी दमेपर्यंत थांबली, आणि म्हणाली, "उद्या गाडी या वावरापासूनच जाईन. तू येऊ नको. धावत आली तं हात धरून वर घेतील, अन् मंग कोनी इचारनार नाई."

दुसऱ्या दिवशी गाड्या गेल्या. आंदणाची गाडी सगळ्यांत शेवटी होती. घागरी होत्या, पराती होत्या, मागे एक गाय बांधलेली होती आणि घागरींना टेकून माय बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. मी पऱ्हाटीत उभी राहिले आणि हाक मारली नाही. सुटका म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं, आणि ती मला मुळीच आवडली नाही.

पुढे तिकडची लढाई संपली. गुलाम सगळे सुटले म्हणे. आमच्याकडे कापसाचा भाव कोसळला आणि पाटलांच्या बैलांच्या शेंब्या उतरल्या. मी आगगाडीच्या मातीकामावरच्या एका माणसाशी लग्न केलं. त्याचीही जात-कूळ विचारायला मागं कोणी नव्हतं. आम्ही अकोल्याला मोर्णा नदीच्या काठी भाजी लावली. अक्षरं मला त्यानंच शिकवली. मला लेक झाली, ती चालायला लागली, तेव्हा मी तिला घेऊन मायला आणायला अचलपुरात गेले.

ताई ओसरीवर आली. चांगली अंगानं भरली होती. कडेवर तिचीही मुलगी होती. म्हणाली, "अवं घेऊन जाय ना! कोनी अडवलं? आमच्याकडं का बटीक हाय?" तिनं हे मनापासून म्हटलं. तिच्या मनात काळंबेरं काही नव्हतं, ते मी आजही सांगेन.

माय परसातून हात पुसत आली. केस सगळे पांढरे झाले होते. मी म्हटलं, "चाल. आता कायदा हाय. कोनी काई करू शकत नाई."

"कायदा तं मी आली तवाबी होता," ती म्हणाली. "इथं कामाले बाई लागते, पोरी. मी निघाली तं ते कोनाले तरी पाहतीन. मी हाय तोवर कोनाले पाहत नाईत." हे बोलताना तिची नजर ताईच्या कडेवरच्या मुलीवर गेली, मग माझ्या लेकीवर आली.

मी चिडले. म्हटलं, आता आमच्यापर्यंत यायची कोणाची टाप आहे? मी अकोल्याची, माझा मळा आहे, माझा नवरा आहे. तिनं ते सगळं ऐकून घेतलं. ती चुकत होती, मला अजूनही तसंच वाटतं. पण ज्या वेळी मी तिला चुकीची ठरवली होती त्या वेळी तीच बरोबर निघाली होती, म्हणून मी पुढे वाद घातला नाही.

माझी लेक उंबऱ्याजवळ आली होती आणि आत यायला एक पाय उचलत होती. माय धावली. मी तिला तशी धावताना कधीच पाहिलं नव्हतं. तिनं पोरीला उंबऱ्यावरून मागं सारलं, हाताला धरून ओसरीच्या पायऱ्या उतरवल्या, आणि पार रस्त्यापलीकडे नेलं. तिथं गेल्यावरच तिनं तिला उचलून छातीशी धरलं. रस्त्यावर येणारे-जाणारे बघत होते, तरी पुष्कळ वेळ धरून राहिली.

मग पोरीला माझ्याकडे देत म्हणाली, "हिले या घरी आनत जाऊ नको." आणि रस्ता ओलांडून एकटी आत गेली.